अँड्रॉइडवर मराठी: भाषायादीचा क्रम, आकडे, टंक आणि लाँचर (रूट न करता)

मात्रावाला

फोनवर मराठी नीट दिसावी म्हणून लोक सगळ्यात आधी टंक (फॉन्ट) बदलायला धावतात. खरं तर पहिलं काम भाषायादीचा क्रम लावण्याचं आहे. त्याला एक मिनिट लागतं, रूट (प्रणालीचा पूर्ण ताबा) लागत नाही आणि फरक लगेच दिसतो.

सेटिंग्ज → सिस्टीम → भाषा इथे जा. (सॅमसंगवर जनरल मॅनेजमेंट → लँग्वेज.) अँड्रॉइड ७ पासून इथे एकाच वेळी अनेक भाषा ठेवता येतात. संपूर्ण फोन मराठीत नको असेल तर इंग्रजी (भारत) पहिली, मराठी (भारत) दुसरी ठेवा. हिंदी हवी असेल तर ती मराठीच्या खाली. हिंदी वर राहिली तर पुढचं काही होणार नाही.

होतं काय ते सांगतो. मजकूर आखताना अँड्रॉइड प्रत्येक तुकड्याची लिपी ओळखतं आणि भाषायादी वरून खाली चाळतं. त्या लिपीत लिहिली जाणारी जी पहिली भाषा सापडेल ती हार्फबझ या मजकूर आखणाऱ्या सॉफ्टवेअरला कळवली जाते. हार्फबझ मग टंकात त्या भाषेसाठी वेगळी अक्षररूपं आहेत का ते बघतो. नोटो सान्स देवनागरीत मराठीसाठी ती आहेत: पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श. यादीत मराठी नसेल किंवा हिंदी तिच्या वर असेल, तर टंकात रूपं असूनही ती वापरलीच जात नाहीत आणि संदेशांत, संपर्कांत, नोंदींत सगळीकडे हिंदी वळणाचे ल-श दिसतात. फोनवर मराठी 'परकी' वाटते अशी तक्रार असते, तिचं निम्मं कारण हे आहे.

तपासायला ही ओळ नोंदवहीच्या ॲपमध्ये डकवा:

लाल शाल, किल्ल्यावर, विठ्ठल, दऱ्याखोऱ्या, ऱ्हास, ॲप, ऑफिस, ख्रिस्त

ल आणि श चं वळण बघा. 'दऱ्याखोऱ्या'त य च्या डावीकडे आडवी कोयरीसारखी रेघ आली पाहिजे, रफार नाही. 'विठ्ठल'मध्ये ठ वर ठ चढलेला हवा. यातलं काही बिघडलं तर पुढच्या प्रतिसादांत बोलू.

काळी_थीम

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक भर: ब्राउझरमध्ये हा नियम सरसकट लागू होत नाही. पानाच्या मूळ मांडणीत भाषा 'हिंदी' लिहिली असेल तर ब्राउझर पानाचं ऐकतो, फोनचं नाही. मराठी ब्लॉगचे अनेक साचे मुळात हिंदीसाठी केलेले असतात आणि भाषेची खूण तशीच राहते. ब्लॉग चालवणाऱ्यांनी आपल्या साच्यातल्या सुरुवातीच्या ओळी उघडून भाषेची खूण 'एमआर' आहे का ते बघावं. ईपब पुस्तकांचंही तेच. पुस्तकाच्या माहितीत भाषा मराठी नसेल तर वाचकाच्या हातात हिंदी ल पोहोचतो. मुक्त टंकांपैकी एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता वाचायला उत्तम आहे, सात वजनं आहेत. आयआयटी मुंबईचा शोभिका जोडाक्षरांसाठी भक्कम आहे.

नागपुरी_संत्रं

इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी हा तोडगा अर्धाच वाटतो. मेनू, सूचना, घड्याळ सगळं मराठीत हवं असेल तर मराठीच पहिली ठेवावी लागणार. तशी ठेवली की काही ॲप बिघडतात, विशेषतः पैशाची आणि तिकिटांची. तारीख निवडली की 'अवैध तारीख' म्हणतात, नाहीतर रक्कम टाकून पुढे गेलं की बंदच पडतात. हे का होतं आणि फोनची मराठी न सोडता सुटतं का?

मात्रावाला

सुटतं. आधी कारण बघू, कारण कळलं की कुठलं ॲप बिघडेल याचा अंदाजही येतो.

सीएलडीआर हा भाषांच्या माहितीचा जागतिक संच अँड्रॉइडमध्ये असतो. त्यात मराठीचे मूळ आकडे देवनागरी आहेत, हिंदीचे इंग्रजी. म्हणून फोन हिंदी केला तर घड्याळ इंग्रजी आकड्यांत राहतं आणि मराठी केला की १०:४५ असं देवनागरीत येतं. हे योग्यच आहे.

घोळ ॲप लिहिणाऱ्याकडून होतो. संख्या किंवा तारीख मजकुरात बदलताना कुठली भाषा वापरायची हे त्याने सांगितलं नाही, तर प्रणाली फोनची भाषा धरते. पडद्यावर दाखवायला ते ठीक. पण तोच मजकूर सर्व्हरला पाठवला की तिथे '२०२५-०८-१५' अशी देवनागरी आकड्यांतली तारीख पोहोचते आणि सर्व्हर ती नाकारतो. गंमत म्हणजे जावाचं मजकुरातून पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी आकडे बिनबोभाट वाचतं, त्यामुळे फोनच्या आत सगळं चालतं आणि इंग्रजी फोनवरच्या चाचणीत तर दोष दिसतच नाही. अरबी आणि नेपाळी फोनवालेही याच खड्ड्यात पडतात.

उपाय तीन, याच क्रमाने करून बघा.

अँड्रॉइड १४ किंवा पुढचं असेल तर भाषेच्याच पानावर खाली 'प्रादेशिक प्राधान्ये' असतात. तापमानाचं एकक, आठवड्याचा पहिला दिवस आणि आकडे तिथे ठरतात. आकडे इंग्रजी केले की मेनू मराठीत राहतात आणि बहुतेक ॲप रुळावर येतात. सगळ्या कंपन्यांनी हे पान दिलेलं नाही, त्यामुळे सेटिंग्जच्या शोधपट्टीत शोधून बघा.

हे पान नसेल तर अँड्रॉइड १३ पासूनची 'ॲपच्या भाषा' ही सोय वापरा. बिघडणारं ॲप निवडून त्याच्यापुरती इंग्रजी (भारत) ठेवा. बाकी फोन मराठीतच राहतो.

आणि ते ॲप या यादीत दिसतच नसेल, तर याचा अर्थ त्याच्या कर्त्याने भाषांची घोषणा केलेली नाही. तरीही संगणकावरून एडीबी या फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने भाषा लादता येते. शेलमध्ये (एडीबीच्या आज्ञा लिहायच्या ओळीत) 'सीएमडी लोकेल सेट-ॲप-लोकेल्स', पुढे पॅकेजचं (म्हणजे ॲपचं अंतर्गत) नाव, मग 'यूजर करंट' आणि 'लोकेल्स ईएन-आयएन' (यूजर आणि लोकेल्स या दोन्हींच्या आधी दोन-दोन आडव्या रेघा). आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितो आहे, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची. मागे घ्यायची असेल तर 'लोकेल्स'च्या पुढे काहीही न लिहिता तीच आज्ञा पुन्हा द्या.

दोरीसूत

ॲप लिहिणाऱ्यांसाठी दोन ओळी. यंत्राने वाचायचा मजकूर, म्हणजे तारीख, रक्कम, फाइलचं नाव, डेटाबेसची ओळ, नेहमी 'लोकेल रूट' (कुठल्याच भाषेशी न बांधलेलं रूप, फोन रूट करण्याशी संबंध नाही) देऊन घडवा. माणसाने वाचायचा मजकूर फोनच्या भाषेत घडवा. अँड्रॉइड स्टुडिओ याबद्दल पिवळी सूचना देतो, पण ती अनेक प्रकल्पांत बंद करून ठेवलेली असते. ती चालू ठेवा. आणि चाचणीच्या यादीत मराठी फोन घाला. मराठीत भाषांतर केलेलं नसलं तरी चालेल, आकड्यांचे दोष तेवढ्यावरच बाहेर पडतात.

टॅबवाली

ज्या फोनमध्ये भाषांची यादीच नाही, एकच भाषा निवडता येते, तिथे काय करायचं? काही कंपन्यांच्या सेटिंग्जमध्ये फक्त एक गोल टिंब असतं. दुसरी भाषा जोडायचा पर्यायच नाही.

दोरीसूत

टॅबवाली ताई, त्या फोनांतही खाली अँड्रॉइडची यादी असतेच, फक्त पान काढून टाकलेलं असतं. ती एडीबीने लिहिता येते.

फोनविषयी माहितीत बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. संगणकावर गूगलची प्लॅटफॉर्म-टूल्स ही लहान झिप उतरवून मोकळी करा. फोन जोडून 'एडीबी डिव्हायसेस' दिलं की फोनवर परवानगी विचारली जाते. ती दिली नाही तर नावापुढे 'अनऑथराइज्ड' येतं. काहीच दिसत नसेल तर आधी केबल बदला, फक्त चार्जिंगच्या केबली बाजारात ढिगाने आहेत.

मग शेलमध्ये 'सेटिंग्ज पुट सिस्टम', पुढे 'सिस्टम_लोकेल्स' (मध्ये खालची रेघ), आणि मूल्य म्हणून 'ईएन-आयएन' स्वल्पविराम 'एमआर-आयएन', मध्ये मोकळी जागा न सोडता. फोन बंद करून चालू करा, त्याशिवाय परिणाम दिसत नाही. आज्ञा 'परवानगी नाही' म्हणाली तर डेव्हलपर पर्यायांत आणखी एक कळ शोधा. शाओमीवर तिचं नाव 'यूएसबी डीबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)' असं आहे, ओप्पो-रिअलमीवर 'परमिशन मॉनिटरिंग बंद करा' अशी.

यानंतर सेटिंग्जमधल्या भाषेच्या पानावर जाऊन पुन्हा काही निवडू नका. निवडलं की यादी पुसली जाऊन एकच भाषा उरते.

संगणक नसेल आणि अँड्रॉइड ११ किंवा पुढचं असेल तर 'वायरलेस डीबगिंग' आणि शिझुकू हे ॲप मिळून हेच काम फोनवरच करतात. जोडणीचा सहा आकडी कोड सूचनेच्या पट्टीतून टाकायचा असतो. सेटिंग्ज सोडून दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की कोड रद्द होतो, म्हणून शिझुकू सूचनेतच उत्तर मागतं. फोन बंद-चालू झाला की शिझुकू सहसा पुन्हा सुरू करावं लागतं.

रिकामा_स्लॉट

बँकेच्या ॲपबद्दल कुणी बोललं नाही. डेव्हलपर पर्याय चालू दिसले की अनेक बँकांची ॲप उघडतच नाहीत. काही जण फक्त यूएसबी डीबगिंग बघतात, काही जण डेव्हलपर पर्यायांची मुख्य कळच बघतात. काम झालं की दोन्ही बंद करा. भाषायादी आणि ॲपची लादलेली भाषा टिकून राहतात. ॲनिमेशनचा वेग कमी केला असेल तर तो मात्र मुख्य कळ बंद केल्यावर मूळ जागी येतो.

दुसरं, सुलभता सेवेची परवानगी मागणारी सजावटीची ॲप (हावभाव म्हणजे जेश्चर, कडेची पट्टी, वगैरे) चालू असली तरी काही बँका अडवतात. थेट फाइलमधून बसवलेल्या ॲपला ही परवानगी अँड्रॉइड १३ पासून सहज देताही येत नाही, कळ राखाडी दिसते. आधी एकदा ती राखाडी कळ दाबायची, 'मर्यादित सेटिंग' असा संदेश येऊ द्यायचा, मग ॲपच्या माहितीच्या पानावर वरच्या तीन टिंबांत 'मर्यादित सेटिंग्जना परवानगी द्या' हा पर्याय उगवतो. संदेश यायच्या आधी तो तिथे नसतो, त्यामुळे लोक शोधत बसतात.

नागपुरी_संत्रं

मात्रावाला, आकड्यांचा उलगडा झाला, धन्यवाद. आता पुढचा त्रास: अक्षरांचा आकार मोठा केला की बटणांवर वरच्या वेलांट्या आणि मात्रा कापल्या जातात. 'किंमत'ची वेलांटी आणि अनुस्वार दोन्ही गायब. टंक चुकीचा आहे का?

मात्रावाला

टंकाचा दोष नाही, चौकटीचा आहे. हा विषय सावकाश बघण्यासारखा आहे.

देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असं बरंच काही बसतं आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला. रोमन लिपीला एवढी उंची लागत नाही. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बटणाची उंची बांधली की वरचा मजला कापला जाणारच. अँड्रॉइडने यावर तडजोड म्हणून देवनागरीचे दोन टंक ठेवले. एक पूर्ण उंचीचा, दुसरा नावात 'यूआय' असलेला, ज्यात मात्रा दाबून बुटक्या केल्या आहेत. जुन्या ॲपच्या मेनूंमध्ये सहसा दुसरा वापरला जातो, म्हणून तिथली मराठी जरा आवळलेली दिसते. तो बुटका टंकही मावत नाही तेव्हा कातरी लागते.

आता आकाराचं गणित. चौकटीची मापं डीपी या एककात असतात, अक्षरांची एसपीत. 'अक्षरांचा आकार' वाढवला की फक्त एसपी वाढतं. अक्षर मोठं झालं, चौकट तेवढीच राहिली, मात्रा कापली गेली. 'डिस्प्लेचा आकार' वाढवला तर डीपी आणि एसपी दोन्ही एकाच पटीत वाढतात, म्हणून काही कापलं जात नाही. पडद्यावर मावणारा मजकूर कमी होतो, एवढीच किंमत.

म्हणून मराठीसाठी क्रम असा ठेवा: आधी डिस्प्लेचा आकार एक-दोन पायऱ्या वाढवा, आणि त्यानंतरही कमी वाटलं तरच अक्षरांचा आकार एक पायरी. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढतात, पण वाढ सरळ रेषेत नाही. लहान मजकूर जास्त वाढतो, आधीच मोठी असलेली शीर्षकं कमी वाढतात. तिथे कापाकापी पूर्वीपेक्षा कमी आहे.

कंपनीच्या थीममधून घेतलेल्या सजावटी टंकांबद्दल: त्यातले बहुतेक फक्त रोमन असतात. देवनागरी मजकूर मग नोटोकडेच जातो आणि एका ओळीत दोन वळणं, दोन जाड्या दिसतात. देवनागरी असलेला सजावटी टंक मिळाला तर वर दिलेली ओळ त्यात तपासा. मराठीची ल-श रूपं नसली तर भाषायादी कितीही नीट लावा, ती येणार नाहीत. लॉक स्क्रीनच्या नक्षीदार घड्याळांचंही तसंच. त्या टंकांत देवनागरी आकडे क्वचित असतात, म्हणून मराठी आकडे निवडले की नक्षी जाऊन साधे आकडे येतात. आयफोनवाल्यांना इथे बरी सोय आहे: आयओएसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत लॉक स्क्रीनच्या घड्याळाला देवनागरी आकडे स्वतंत्रपणे निवडता येतात, फोनची भाषा न बदलता.

टॅबवाली

डीपीचा विषय निघालाच आहे तर टॅबचं सांगते, कारण तिथे हीच मापं उलट दिशेने उपयोगी पडतात.

अनेक ॲप दोन आराखडे घेऊन येतात आणि पडद्याची लहान बाजू ६०० डीपी किंवा जास्त असेल तरच टॅबचा, म्हणजे दोन रकान्यांचा, आराखडा दाखवतात. हिशोब सोपा: लहान बाजूचे पिक्सेल गुणिले १६०, भागिले घनता (दर इंचाला धरलेले पिक्सेल). ८०० पिक्सेल रुंदीच्या लहान टॅबची घनता २४० ठेवलेली असेल तर ५३३ डीपी येतात आणि टॅबवर ताणलेला फोन दिसतो. घनता २१३ केली की ६०१ डीपी, आणि तीच ॲप दोन रकान्यांत उघडतात.

डेव्हलपर पर्यायांत 'सर्वात कमी रुंदी' असा रकाना आहे, त्यात थेट ६०१ लिहा. किंवा एडीबीने 'डब्ल्यूएम डेन्सिटी २१३' (आकडे इंग्रजीत). काही विचित्र झालं तर 'डब्ल्यूएम डेन्सिटी रीसेट'. ही शेवटची आज्ञा आधी लिहून ठेवा, कारण आकडा फार टोकाचा पडला तर पडद्यावर बटणं सापडत नाहीत आणि केबलनेच सुटका होते.

मराठी वाचकासाठी इथे एक अडचण आहे. रुंदीचा आकडा वाढवला की अक्षरं बारीक होतात आणि जोडाक्षरं रोमनपेक्षा आधी वाचेनाशी होतात. २४० वरून २१३ म्हणजे अकरा टक्के लहान. त्याची भरपाई अक्षरांच्या आकाराने करायला गेलं तर मात्रावाल्यांनी सांगितलेली कातरी लागते. म्हणून ६०० च्या जेमतेम वर थांबायचं. ७०० पर्यंत जायचा मोह टाळा, रकान्यांची संख्या तीच राहते आणि डोळ्यांना ताण वाढतो.

वाचनासाठीच टॅब असेल तर प्रणालीच्या टंकाशी झगडायची गरज नाही. केओरीडर या वाचनाच्या ॲपच्या फोल्डरमध्ये 'फॉन्ट्स' म्हणून जागा असते, तिथे मुक्ता किंवा शोभिकाची टंकफाइल टाकायची आणि पुस्तक उघडून टंक निवडायचा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा एक-दोन पायऱ्या जास्त ठेवा. मासिकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफला यातलं काही लागू नाही, तिथे समास कापणं हाच उपाय.

काळी_थीम

लाँचरचं (घरचा पडदा आणि ॲपची यादी दाखवणाऱ्या ॲपचं) काय? मराठी फोनवर ॲपची यादी दोन भागांत फुटते. ज्यांनी मराठी नाव दिलं आहे ती देवनागरीत, बाकीची रोमनमध्ये. शोधपट्टीत 'कॅम' लिहिलं तर कॅमेरा सापडतो, रोमन 'सी ए एम' लिहिलं तर नाही. रोजच्या वापरात हे फार जाचक आहे.

रिकामा_स्लॉट

नाव बदलता येईल आणि खुणा जोडता येतील असा लाँचर घ्या. क्वायसित्सो (मुक्त स्रोत, शोधावर आधारलेला) ॲपला टोपणनाव आणि खुणा दोन्ही देऊ देतो. कॅमेऱ्याला रोमन खूण जोडली की दोन्ही लिप्यांत सापडतो. लॉनचेअरमध्ये नाव बदलता येतं. ओलाँचर नुसत्या नावांचा आहे, चिन्हंच नाहीत. त्यावर मराठी नावं फार देखणी दिसतात. नोव्हा या लाँचरवर अवलंबून असणाऱ्यांनी पर्याय शोधून ठेवलेला बरा: २०२२ मध्ये ते ब्रँच या कंपनीकडे गेलं आणि २०२५ मध्ये मूळ कर्ताही बाहेर पडला.

चिन्हांखालची मराठी नावं तीन टिंबांनी कापली जातात, त्यावर नावांचा आकार कमी करू नका. रकाने पाचाचे चार करा. चार रकान्यांत 'कॅल्क्युलेटर' सहसा पूर्ण मावतं.

बाहेरचा लाँचर घेतला की एक मर्यादा स्वीकारावी लागते. अलीकडची ॲप दाखवणारा पडदा हा प्रणालीच्या मूळ लाँचरचाच भाग असतो. त्यामुळे हावभावांनी घरी परतताना चिन्हात विरघळणारं ॲनिमेशन तुटक होतं. लाँचरकर्ता यात फारसं काही करू शकत नाही. आणि घरी आल्यावर चिन्हं पुन्हा भरताना दिसत असतील तर प्रणाली लाँचरला मागे मारते आहे: ॲपच्या माहितीत बॅटरी 'अनिर्बंध' करा.

मूळ लाँचर एडीबीने काढून टाकायचा सल्ला जिथे दिसेल तिथे दुर्लक्ष करा. तो गेला की अलीकडच्या ॲपचा पडदा आणि काही फोनांत हावभावही जातात.

नागपुरी_संत्रं

नको असलेली बाकीची ॲप काढायला तरी एडीबी चालेल ना?

दोरीसूत

चालेल, पण काढण्याआधी 'पीएम डिसेबल-यूजर' वापरा. आठवडाभर काही अडलं नाही तर 'पीएम अनइन्स्टॉल' करा, सोबत 'यूजर ०' देऊन. मूळ फाइल प्रणालीच्या विभागातच राहते, म्हणून जागा जवळपास मोकळी होत नाही. फायदा सूचना, पार्श्वभूमीतली कामं आणि जाहिराती थांबण्याचा. परत आणायला 'सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग' आणि पॅकेजचं नाव. मोठं अद्ययावतन आलं की काही ॲप परत उगवतात, त्यामुळे काढलेल्यांची यादी एका फाइलमध्ये ठेवा.

युनिव्हर्सल अँड्रॉइड डीब्लोटर या नको असलेली ॲप काढणाऱ्या साधनाची नवी आवृत्ती पॅकेजांची वर्गवारी करून देते: शिफारस केलेली, प्रगत, तज्ज्ञांसाठी, असुरक्षित. पहिल्या गटाबाहेर जाऊ नका. वेबव्ह्यू, पॅकेज इन्स्टॉलर, सेटिंग्जचा साठा, दूरध्वनी सेवा यांना हात लावायचा नाही. शाओमीवर 'फाइंड डिव्हाइस' आणि 'सिक्युरिटी' ही पॅकेजं तशीच ठेवा, ती काढली तर फोन सुरू होता होता अडकतो आणि सगळी माहिती पुसून मूळ स्थितीत आणावा लागतो.

मराठी वापरणाऱ्यांसाठी खास: गूगलचं वाचन-आवाजाचं ॲप आणि जीबोर्ड 'कचरा' म्हणून काढले जातात. पहिल्याबरोबर मराठी आवाज जातो. दुसरं काढण्याआधी पर्यायी कीबोर्ड बसवून चालू केलेला हवा, नाहीतर फोन पुन्हा सुरू झाल्यावर पासवर्ड टाकायला कीबोर्डच नसतो.

टॅबवाली

कीबोर्डचं राहिलं. जीबोर्डमध्ये मराठी जोडताना रोमनमधून मराठी, थेट देवनागरी आणि हस्तलेखन असे वेगवेगळे पर्याय येतात, एकाहून जास्त ठेवता येतात आणि जागेच्या कळीने आलटून पालटून वापरता येतात. इंटरनेटची परवानगीच नसलेला कीबोर्ड हवा असेल तर हेलिबोर्ड. त्यात मराठी मांडणी आहे, शब्दकोशाची फाइल आपण घालायची असते, आणि आकड्यांची ओळ देवनागरी हवी की इंग्रजी हे स्वतंत्रपणे ठरवता येतं. संगणकावर इनस्क्रिप्टची सवय असलेल्यांना थेट देवनागरी मांडणी लवकर रुळते: र च्याच कळीवर शिफ्टने ऱ.

काळी_थीम

टाइप करण्याशी जोडलेला एक प्रश्न. संपर्कांत 'ॲड.' लिहून वकिलांची नावं साठवली आहेत असं समजा. शोधलं तर काही सापडतात, काही नाहीत. अक्षरं तंतोतंत सारखी दिसतात. 'दऱ्या', 'सुऱ्या' असल्या शब्दांनाही हेच होतं.

मात्रावाला

दिसायला सारखी, आत वेगळी. ॲ साठी युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीचे आणि अजूनही काही कीबोर्ड अ आणि त्यापुढे चंद्र अशी दोन चिन्हं टाकतात. युनिकोड या दोघांना समान मानत नाही, त्यामुळे शोधणारं ॲप स्वतःहून सांधा जोडत नाही.

ऱ्या चे तीन प्रकार भेटतात. एक, ऱ हे अक्षर, हलन्त, य. दोन, र खाली नुक्ता, हलन्त, य. तीन, र, हलन्त, न दिसणारा जोडक, य. पहिले दोन युनिकोडच्या नियमाने समान आहेत आणि प्रमाणीकरण करणारी ॲप ते एक करतात. तिसरा कायम वेगळाच राहतो. म्हणून पहिलाच वापरा. जोडकवाला प्रकार मजकुराची साफसफाई करणाऱ्या ॲपमध्ये न दिसणारी चिन्हं काढली की मोडतो आणि 'दऱ्या'चं 'दर्या' होतं.

तसंच ऑ च्या जागी चंद्र आणि काना वेगवेगळे टाकू नका. काही टंकांत ते बरोबर दिसतं, काहींत मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येतं.

जुने संपर्क दुरुस्त करायचे तर फोनवरून निर्यात केलेली व्हीसीएफ फाइल घेऊ नका. फोन त्यात मराठी मजकूर सांकेतिक रूपात गुंडाळतात आणि शोध-बदल चालत नाही. गूगल संपर्कांच्या संकेतस्थळावरून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) निर्यात करा. लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडताना यूटीएफ-८ निवडा आणि फोन क्रमांकांचे रकाने 'मजकूर' ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं आणि अधिकचं चिन्ह उडतं. शोध-बदलात आधी अ + चंद्र या जोडीच्या जागी ॲ, मग जोडकवाल्या रूपाच्या जागी ऱ + हलन्त. शोधायचा मजकूर टाइप न करता बिघडलेल्या नावातूनच नक्कल करून डकवा, म्हणजे न दिसणारं चिन्ह सोबत येतं.

आयात केल्यावर जुन्या नोंदी आपोआप बदलल्या जात नाहीत, नव्या शेजारी बसतात. त्यासाठी आयात करताना नवं लेबल द्या, मोजणी जुळते का बघा, आणि मगच त्या लेबलाबाहेरच्या जुन्या नोंदी काढा. काढलेले संपर्क ३० दिवस कचरापेटीत राहतात.

काळी_थीम

लेबलची युक्ती नेमकी हवी होती. लिबरऑफिसमध्ये सीएसव्ही साठवताना अवतरणचिन्हांचा पर्याय बदलायचा का?

मात्रावाला

विभाजक स्वल्पविराम आणि संच यूटीएफ-८ एवढं तसंच ठेवा. 'सगळ्या मजकुराला अवतरणचिन्हं' ही खूण केली नाही तरी चालतं. पत्त्यांत स्वल्पविराम असतात, पण अशा मजकुराला लिबरऑफिस स्वतःहून अवतरणचिन्हं लावतं, त्यामुळे रकाने सरकत नाहीत.